ज्याला खाज नाही, त्यालाही मलम

लहान मुलांची खरूज पुन्हा पुन्हा का उलटते, आणि ती घरातून घालवायची कशी

कर्जत-खालापूरकडच्या दवाखान्यांना ही तक्रार नवी नाही. तीन-चार वर्षांचं मूल रात्रभर खाजवतं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या उठलेल्या असतात. डॉक्टर खरूज म्हणतात आणि मलमाची ट्यूब लिहून देतात. आई ती नेमानं लावते. चार-आठ दिवसांत पुळ्या बसायला लागतात, पण खाज काही जात नाही. म्हणून उरलेलं मलम थोडं थोडं रोज लागत राहतं. यथावकाश खाजही जाते आणि घरदार सुटकेचा श्वास टाकतं. महिन्याभरानं पुन्हा तेच. या वेळी मुलाच्या जोडीला त्याचा धाकटा भाऊही खाजवत असतो. मग सल्ल्यांना ऊत येतो. कुणी म्हणतं पाणी बाधलं, कुणी म्हणतं उष्णता आहे, कुणी थेट आईलाच विचारतं, "अंघोळ नीट घालतेस ना गं?"

इथे खरं तर तीन कोडी आहेत. औषध लागू पडूनही खाज का थांबत नाही? थांबलेली खाज परत कशी येते? आणि घरात दुसऱ्या कुणाला काहीच होत नसताना मुलाला ही लागण झाली कुठून?

तिन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. खाजेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ती आणणाऱ्या किड्याचं वेगळं. आपण खाज सुरू झाली की औषध आणतो, खाज असेल त्यालाच लावतो आणि खाज थांबली की थांबतो. किडा मात्र खाजेच्या आधी आलेला असतो, खाज नसलेल्यांच्या अंगावरही असतो, आणि तो मेल्यावरही खाज मागे राहते. हे नीट उमगलं की खरजेवरचा उपाय अवघड उरत नाही.

किडे डझनभर, खाज अंगभर

खरूज ज्याच्यामुळे होते तो जीव कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा. मादी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा मोठी, नर तिच्या निम्म्यानं. साध्या डोळ्यांना फार तर एक फिका ठिपका दिसेल. मादी आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात आडवं बीळ कोरते, रोज थोडं थोडं पुढे सरकते आणि मागे दोन-तीन अंडी घालत जाते. महिना-दीड महिन्याचं तिचं आयुष्य या बिळातच जातं. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. त्यातून निघालेली पिल्लं वर येतात, कातडीवर फिरतात आणि अंडं घातल्यापासून सुमारे दोन आठवड्यांत वाढ पूर्ण होऊन स्वतः अंडी घालण्याजोगी होतात.

हिशेब केला तर थोड्याच दिवसांत अंगावर हजारो किडे व्हायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही. बहुतेक पिल्लं खाजवण्यात, धुण्यात आणि शरीराच्या प्रतिकारात मरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं शेकडो रुग्णांच्या अंगावरचे किडे सुईनं वेचून मोजले. सरासरी निघाली माणशी अकरा-बारा. अर्ध्याहून अधिक रुग्णांवर तर पाच किंवा त्याहून कमी. सगळ्या अंगाची आग होत असते आणि गुन्हेगार मात्र बोटांवर मोजण्याइतके!

भाताच्या खाचराला ज्यानं बांध घातलाय त्याला हे नवल वाटणार नाही. बांधात खेकडा बीळ करतो. खेकडे दोन-चारच असतात, पण पाणी खाचरभर ओसरतं. शेतकऱ्याला खेकडा दिसत नाही, गळती दिसते. तीही खेकड्यानं बीळ आरपार नेल्यावर, म्हणजे तो आल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. आणि खेकडा धरून बाहेर काढला तरी बीळ चिखलानं बुजेपर्यंत गळती चालूच राहते. खरजेतली खाज ही अशी गळती आहे.

खाज उशिरा का येते

किडा चावतो म्हणून खाजतं, असा आपला समज असतो. तसं असतं तर तो अंगावर आल्या दिवशीच कळलं असतं. खरी खाज होते ती किड्याची अंडी, विष्ठा आणि त्याच्या अंगातून झिरपणारे पदार्थ यांच्यामुळे. हे परके पदार्थ कातडीत साचत जातात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना हळूहळू ओळखायला शिकते, आणि एकदा ओळखलं की त्यांच्याविरुद्ध उठते. ही ॲलर्जी आहे. तिच्यातून पुळ्या येतात, लाली येते आणि जीव नकोसा करणारी खाज सुटते. रात्री अंथरुणात ऊब मिळाली की ती वाढते.

ही ओळख पटायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झाली तर चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. या काळात माणूस दिसायला ठणठणीत असतो, पण किडे अंगावर असतात आणि दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ज्याला आधी होऊन गेली आहे, त्याच्या शरीरात ती ओळख शिल्लक असते. त्याला दुसऱ्या वेळेस एक-दोन दिवसांतच खाजायला लागतं.

म्हणजे आज खाजवणाऱ्या मुलाला लागण काल-परवा झालेली नाही. ती महिना-दीड महिन्यापूर्वीची आहे. लागण कुठून झाली हे शोधायचं तर या आठवड्यात कोण भेटलं हे विचारून उपयोग नाही. गणपतीला कोण मुक्कामाला होतं, मूल मामाच्या घरी कुणाच्या कुशीत झोपलं होतं, हे आठवावं लागेल. आणि आज मुलाशेजारी निवांत झोपलेला धाकटा भाऊ कदाचित त्याच मुक्या महिन्यात असेल. मलम मोठ्यालाच लागलं, तो बरा झाला, आणि धाकट्याच्या अंगावरचा किडा परत त्याच्याकडे आला. आईला वाटतं औषध फसलं. औषध फसलेलं नसतं, ते अर्ध्याच घराला लागलेलं असतं.

किडे मेल्यावरही खाजतं, ते का

आता दुसरं टोक. मलमानं एका रात्रीत किडे मरतात. पण त्यांची मढी, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा कातडीच्या थरातच राहतात. वरचा थर झडून त्याजागी खालचा नवा थर येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, शरीर त्या उरल्यासुरल्या कचऱ्यावर चिडत राहतं. बांधातलं बीळ बुजायला जो वेळ लागतो, तोच हा.

इथेच बहुतेक घरांत चूक होते. खाज चालू आहे म्हणजे किडे जिवंत आहेत असं समजून मलम रोज चोपडलं जातं. त्यानं कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि आणखी खाजते. तेव्हा खाजेवरची गोळी किंवा पातळ औषध डॉक्टरांकडून घ्यावं, कोरड्या कातडीला खोबरेल तेल लावावं आणि वाट पाहावी. चार आठवडे उलटूनही खाज तशीच राहिली किंवा नव्या पुळ्या दिसू लागल्या, तर मात्र पुन्हा दाखवायला हवं.

एका गोधडीवर चौघं

हा किडा उडी मारत नाही, उडत नाही. तो हळू चालतो आणि माणसाच्या अंगापासून दूर झाला की दोन-तीन दिवसांत मरतो. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला त्याला कातडीला कातडी बराच वेळ लागून राहावी लागते. घाईतल्या नमस्कारानं किंवा एका बाकावर बसल्यानं तो सहसा जात नाही. मात्र मूल कडेवर असतं, कुशीत झोपतं, भावंडांच्या गळ्यात हात घालून खेळतं. एका खोलीच्या घरात चार माणसं एकाच गोधडीवर झोपतात. लहान मुलांत आणि दाटीच्या घरांत खरूज जास्त दिसते ती यामुळे.

मेलनबीनं याचाही पडताळा घेतला होता. ब्रिटिश लष्करात तेव्हा खरूज फार होती आणि सैनिकांची ब्लँकेटं निर्जंतुक करण्यावर मोठा खर्च होत होता. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले काही तरुण शेफिल्डमधल्या एका घरात स्वयंसेवक म्हणून राहिले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे त्यांनी घातले, त्यांची ब्लँकेटं पांघरली. लागण अगदी मोजक्यांनाच झाली. खरूज असलेल्या माणसाबरोबर एका अंथरुणात झोपल्यावर मात्र ती सहज झाली. ब्लँकेटामागे धावण्यापेक्षा माणसांवर उपचार करा, हा त्याचा निष्कर्ष आजही खरा आहे.

कपडे-अंथरुणाकडे अजिबात बघायचं नाही, असा याचा अर्थ नव्हे. दमट आणि थंड हवेत किडा अंगाबाहेर जरा जास्त तग धरतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलसर राहतात. म्हणून मलम लावायच्या आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी आणि पांघरुणं गरम पाण्यात बुडवून धुवावीत. जी धुता येत नाहीत, जशी जाड गोधडी, ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. उपाशी राहून किडे आपोआप मरतात. ऊन असेल तर उत्तमच. शेतातलं फवारणीचं औषध गोधडीला किंवा अंगाला कधीही लावू नये. त्यानं मुलाच्या जिवाला धोका होतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. फार म्हाताऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या माणसाला खरजेचा एक वेगळा प्रकार होतो. त्यात कातडीवर जाड खपल्या धरतात, खाज कधी कधी फारशी नसते, पण किडे हजारोंनी असतात. घरातल्या आजीच्या हातापायांवर अशा खपल्या असतील तर सगळ्या घराची खरूज तिथून उगवत असू शकते. त्यांना आधी दवाखान्यात न्यावं.

गल्लीतल्या कुत्र्याला लूत असते, तिचीही धास्ती असते. कुत्र्याचा किडा याच जातीचा, पण कुत्र्याच्या अंगाला सरावलेला. माणसाला त्यानं थोडे दिवस खाजतं, मात्र आपल्या कातडीत त्याची वीण वाढत नाही.

दोष अंघोळीचा नाही

साबणानं रोज दोनदा घासून अंघोळ घातली तरी बिळातल्या मादीचं काही बिघडत नाही. ती कातडीच्या वर नसून आत असते. नेरळ-कर्जतच्या नव्या सोसायट्यांतल्या, पाळणाघरात जाणाऱ्या टापटीप मुलांनाही खरूज होते. वाडीवस्तीवर ती अधिक आढळते, कारण तिथे घरं लहान आहेत, माणसं जवळ झोपतात आणि सगळ्यांना एकाच वेळी औषध मिळणं कठीण जातं. आईच्या स्वच्छतेशी याचा संबंध जोडणं चूक आहे आणि घातकही. लाजेपोटी घरं खरूज लपवतात, शेजाऱ्यांना सांगत नाहीत, आणि किड्याला आणखी महिना मिळतो.

पाणी कमी पडतं तेव्हा नुकसान होतं ते पुढच्या टप्प्यात. मूल खाजवतं, नखानं कातडी फाटते आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. मग पुवाचे फोड येतात, त्यावर मधाच्या रंगाच्या खपल्या धरतात. यालाच डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात. हे फोड स्वतंत्रपणेही सांसर्गिक असतात. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू कधी कधी आणखी एक गोष्ट करतो. फोड आल्यावर काही आठवड्यांनी त्याच्याविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिक्रिया मूत्रपिंडांवर उलटते. सकाळी उठल्यावर मुलाचा चेहरा आणि डोळे सुजलेले दिसतात, लघवी कमी होते, तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बहुतेक मुलं वेळेवर उपचार मिळाल्यावर पूर्ण बरी होतात. पण नुसत्या खाजेनं काय होतंय, असं म्हणून खरूज अंगावर काढू नये ती याकरता.

कोणतं औषध, कोणतं नको

आज सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिनचं मलम. दोन महिन्यांच्या वरच्या बाळांनाही ते चालतं. त्याहून लहान बाळांसाठी डॉक्टर गंधकाचं मलम देतात. गंधक हा खरजेवरचा फार जुना उपाय आहे. वास येतो, सलग तीन रात्री लावावा लागतो, पण तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला तो सुरक्षित आहे. बेंझिल बेंझोएट हे पातळ औषध स्वस्त आणि गुणकारी असलं तरी चुरचुरतं. मुलांसाठी ते किती पातळ करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. पूर्वी सर्रास मिळणारं लिंडेन लहान मुलांना नको. ते कातडीतून शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं.

आयव्हरमेक्टिन ही पोटात घ्यायची गोळी. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ती निघाली आणि तिच्यामागच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. महाराष्ट्राला ही गोळी वेगळ्या कारणानं परिचित आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये ती इतर दोन औषधांबरोबर देण्यात आली. खरजेवर ती वजनाच्या हिशेबानं, आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा देतात. पंधरा किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना ती देत नाहीत.

करंजाचं तेल किंवा कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ अनेक घरांत चालते. त्यानं कातडीला आराम वाटत असेल तर हरकत नाही, पण किडे मारण्याचं काम त्यावर सोपवू नये.

खरा धोका आहे तो दुकानातून विचारून आणलेल्या, खाज-खरूज-गजकर्ण या सगळ्यांवर चालणाऱ्या ट्यूबचा. यांतल्या अनेकींत जोरदार स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड शरीराची चिडचिड दाबतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आई खूश होते. किड्याला मात्र काही झालेलं नसतं. उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे तो जोमानं वाढतो आणि पुळ्यांचं रूप इतकं बदलतं की पुढे डॉक्टरलाही खरूज ओळखणं जड जातं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती अशाच गैरवापरामुळे. खाज थांबली म्हणजे रोग गेला, या समजुतीवरच या ट्यूबा खपतात.

नऊ ट्यूबांचा हिशेब

मोठ्या माणसाच्या अंगभर एकदा मलम लावायला साधारण ३० ग्रॅम लागतं. मुलांना वयाप्रमाणे कमी. आई, बाबा, आजी आणि तीन मुलं असं सहा जणांचं घर धरू. तिघा मोठ्यांचं ९० ग्रॅम, तिघा मुलांचं मिळून ४५ ग्रॅम धरलं तर एका रात्रीला १३५ ग्रॅम. मलम दोनदा लावायचं असतं, म्हणून २७० ग्रॅम. ३० ग्रॅमच्या नऊ ट्यूबा झाल्या.

दुसऱ्यांदा लावायचं कारण पुन्हा किड्याच्या वेळापत्रकात आहे. पहिल्या रात्री जिवंत किडे मरतात, काही अंडी मात्र वाचू शकतात. ती तीन-चार दिवसांत फुटतात, पण त्यांतल्या पिल्लांना स्वतः अंडी घालायला अजून अवकाश असतो. आठवड्यानं दुसरा हात दिला की ती पुढची पिढी घडण्याआधीच संपते. पहिल्यानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावून हे साधत नाही, आणि महिन्यानं लावून तर नाहीच.

आता एक ट्यूब घेऊन घरी जाणाऱ्या आईकडे पाहा. तिच्या हातात गरजेच्या नवव्या हिश्शाएवढं औषध आहे. तेही फक्त खाजणाऱ्या मुलाला, फक्त पुळ्या असतील तेवढ्याच जागी लागणार. वीटभट्टीवर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या घराला नऊ ट्यूबांचा खर्च झेपणारा नाही. म्हणून कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो, कशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय असो, की जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे एकट्या मुलाला घेऊन न जाता घरात किती माणसं आहेत ते आधी सांगावं आणि सगळ्यांचं औषध मागावं. आशाताईंना सोबत घेतलं तर हे सोपं जातं. मुलाच्या केसपेपरवर एकट्या मुलाचंच औषध लिहिलं जाण्याची शक्यता असते, आणि खरजेत तेवढ्यानं भागत नाही.

चौकट: एका रात्रीचं काम

• घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावावं. खाज असो वा नसो, तान्हं बाळ असो वा पाहुणा. गरोदर बाई आणि दोन महिन्यांखालचं बाळ यांच्यासाठी डॉक्टरांना आधी विचारावं.

• आधी सगळ्यांची नखं कापावीत. अंग धुतलं असेल तर पूर्ण कोरडं आणि गार होऊ द्यावं.

• मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत लावावं. बेचक्या, नखांखाली, काखा, बेंबी, जांघा, लघवीच्या जागेभोवती, तळपाय, काही सोडू नये. लहान मुलांना डोक्याला, कानांमागे आणि चेहऱ्यालाही लावावं, मात्र डोळे आणि तोंड सांभाळून.

• बाळ बोटं चोखत असेल तर हाताला मोजे घालावेत. पाजणाऱ्या आईनं पाजण्याआधी स्तन पुसून घ्यावेत. हात धुतले तर हातांना मलम पुन्हा लावावं.

• आठ ते चौदा तासांनी अंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली अंथरुणं. मूल दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ शकतं.

• आठवड्यानं हेच सगळं पुन्हा एकदा, सगळ्यांना. मध्ये रोज लावू नये.

• दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फसलं असं समजू नये.

• पुवाचे फोड, ताप, पसरती लाली, चेहऱ्याची सूज किंवा गडद लघवी दिसली तर थांबू नये, दवाखाना गाठावा.

तीनशे वर्षं जुनं ज्ञान

खरजेचा किडा हा माणसाला उमगलेल्या पहिल्या रोगकारकांपैकी एक. इटलीत जोव्हान्नी कोझिमो बोनोमो आणि डायाचिंतो चेस्तोनी यांनी १६८७ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केला आणि खरूज याच्यामुळेच होते असं लिहिलं. विद्वानांनी ते मानलं नाही. खरूज रक्तातल्या दोषानं होते ही समजूत पुढची दीडशे वर्षं टिकली. १८३४ मध्ये रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकाच्या एका विद्यार्थ्यानं पॅरिसच्या रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही युक्ती तो आपल्या बेटावरच्या बायकांकडून शिकला होता. पोरांच्या हातावरचा बारीक बिळाचा शेवट शोधायचा आणि तिथे सुई टोचायची, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. आपल्याकडेही उष्णता आणि रक्तदोषाच्या गप्पा अजून चालतात, म्हणून ही हकिकत सांगितली.

कारण कळलं, औषध मिळालं, तरी खरूज हटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं कुठल्याही घडीला जगात वीस कोटी माणसांना ती असते. २०१७ मध्ये संघटनेनं तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं.

घराकडून वाडीकडे

एक घर पुरतं साफ झालं तरी शेजारचं राहिलं तर काय होतं, याचं उत्तर पॅसिफिक महासागरातल्या फिजीनं दिलं. तिथे दोन हजारांवर बेटवासीयांचे तीन गट केले. पहिल्या गटात फक्त खरूज दिसलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मलम दिलं, नेहमी देतात तसं. दुसऱ्यात खरूज असो-नसो, सगळ्यांना मलम. तिसऱ्यात सगळ्यांना आयव्हरमेक्टिनची गोळी, आणि ज्यांना गोळी चालत नाही त्यांना मलम. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर पहिल्या गटात खरजेचं प्रमाण निम्म्यानं घटलं, दुसऱ्यात ६२ टक्क्यांनी, तिसऱ्यात तब्बल ९४ टक्क्यांनी. तिसऱ्या गटात शंभरातल्या ३२ जणांना खरूज होती, ती दोघांवर आली. पुवाचे फोडही त्याबरोबर कमी झाले. खाज नसलेल्यालाही औषध, हे तत्त्व घरापुरतं न ठेवता गावाला लावल्याचा तो परिणाम होता.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांत हे करायचं तर आधी माणसं एका जागी हवीत, आणि तीच अडचण आहे. कातकरी आणि ठाकर वस्त्यांवरची अनेक मुलं आश्रमशाळेत राहतात. पावसाळ्यात, भातलावणी ते कापणीच्या काळात, आईबाप वाडीवर असतात पण मुलं शाळेत असतात. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि थेट मे अखेरीस परततात. मुलांना शाळेत औषध मिळालं तर घर राहतं, घराला मिळालं तर मुलं राहतात, भट्टीवरच्या खोपटांत दोन वाड्यांची माणसं एकत्र झोपतात. किड्याला नेहमीच कुणीतरी औषध न लागलेला सापडतो.

वर्षातला एकच काळ असा आहे की बहुतेक सगळे वाडीवर असतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी आलेली असतात आणि भट्टीचे ट्रक अजून यायचे असतात. पाऊस थांबलेला, ऊन कडक, गोधड्या वाळायला अंगण मोकळं. सुट्टीही दोन आठवड्यांच्या आसपास असते, म्हणजे पहिलं मलम सुट्टीच्या सुरुवातीला आणि दुसरं आठवड्यानं, शाळा उघडायच्या आत. आरोग्य केंद्रानं वाडीतल्या डोक्यांची मोजणी करून औषध आधी मागवलं, आशाताईंनी घरोघरी एक रात्र ठरवून दिली आणि आश्रमशाळेनं मुलं परतताना हात तपासले, तर यातल्या कुठल्याही कामाला नवं यंत्र किंवा नवा शोध लागत नाही. एका घरातल्या आईला नऊ ट्यूबा परवडत नाहीत, पण तिनं त्या मिळवल्या तरी तिचं मूल शेजारच्या पोरांशीच खेळणार आहे. म्हणून दिवाळीच्या आधी ग्रामसभेत मागायचं ते एका मुलाचं मलम नव्हे, तर अख्ख्या वाडीचं, दोन वेळचं आणि ठरल्या तारखेला.